अणुशास्त्रज्ञांची चळवळ

अणुशास्त्रज्ञांची चळवळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पातील शास्त्रज्ञांमध्ये सुरू झालेली राजकीय चर्चा आणि त्या चर्चेतून १९४५-४६ मध्ये उभे राहिलेले संघटित कार्य होय. बाँबचा वापर करावा की नाही, अणुऊर्जेवर लष्कराचे नियंत्रण असावे की नागरी संस्थेचे आणि राष्ट्राराष्ट्रांतील शस्त्रस्पर्धा कशी टाळावी, हे या चर्चेचे मुख्य विषय होते. पदार्थविज्ञानासारख्या विषयात गढलेला, राजकारणापासून एरवी दूर राहणारा व्यवसायसमूह राजकीय वादात का उतरतो, याचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

१९४२ च्या प्रारंभी शिकागो विद्यापीठात आर्थर कॉम्प्टन यांच्या नेतृत्वाखाली ‘मेटलर्जिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. हे नाव दिशाभूल करण्यासाठी घेतलेले होते. धातुविज्ञान हा तिचा मुख्य विषय नव्हता. २ डिसेंबर १९४२ रोजी एनरिको फर्मी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे पहिली नियंत्रित व स्वयंपोषी शृंखला अभिक्रिया घडवण्यात आली. पुढे प्रकल्पाचे लष्करी प्रमुख लेस्ली ग्रोव्ह्ज यांनी विभागबंदीचे धोरण कठोरपणे राबवले. प्रत्येकाने आपल्या कामापुरतेच जाणावे, दुसऱ्या विभागात काय चालले आहे याची चौकशी करू नये, असा या धोरणाचा अर्थ होता.

चर्चेची कारणे

या शास्त्रज्ञांना राजकीय चर्चेची ओढ का लागली, याचे पहिले उत्तर गुप्ततेतच सापडते. आपण काय तयार करत आहोत हे त्यांना पत्नीलाही सांगता येत नव्हते. वृत्तपत्रांत लिहिणे किंवा लोकप्रतिनिधींना भेटणे तर दूरच राहिले. हॅरी ट्रुमन यांनासुद्धा उपराष्ट्राध्यक्ष असताना या प्रकल्पाची खरी माहिती नव्हती. ती त्यांना एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आल्यावर मिळाली. ज्या प्रश्नावर देशात कोठेच जाहीर चर्चा होऊ शकत नव्हती, त्यावर बोलण्यासाठी शेजारच्या टेबलावरचा सहकारी तेवढा उरला होता. व्यवसायाची जागा हीच त्यांची एकमेव राजकीय सभा ठरली.

दुसरे कारण पूर्वानुभवाचे होते. जेम्स फ्रँक, लिओ झिलार्ड, यूजीन रॅबिनोविच यांच्यासारखे अनेक जण नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आले होते. विद्यापीठाच्या भिंतींआड राजकारणापासून सुरक्षित राहता येते, या समजुतीचे काय झाले हे त्यांनी पाहिले होते. १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या फ्रँक यांनी १९३३ मध्ये ग्यॉटिंगेन येथील प्राध्यापकपदाचा जाहीर निषेध करून राजीनामा दिला होता. शिकागोच्या प्रकल्पात येतानाच त्यांनी अट घातली होती की, बाँब तयार होण्याची वेळ आल्यास त्याच्या वापराविषयीचे आपले मत सर्वोच्च पातळीवर मांडण्याची संधी आपल्याला मिळावी.

तिसरे कारण साधे असले तरी महत्त्वाचे आहे, ते म्हणजे मोकळा वेळ. अणुभट्ट्यांच्या आराखड्यांचे शिकागोतील मुख्य काम १९४४ अखेर बहुतांशी संपले होते. त्याच काळात लॉस अलामोस येथे बाँब प्रत्यक्ष घडवण्याची घाई शिगेला पोहोचली होती. शिकागोत चर्चा जोरात चालली आणि लॉस अलामोसला तुलनेने दबकी राहिली, यामागे दोन ठिकाणच्या माणसांच्या विचारांपेक्षा त्यांच्या कामाच्या वेळापत्रकाचा वाटा अधिक असावा.

याखेरीज व्यवसायाचा स्वार्थही होताच. संशोधन मोकळेपणाने प्रसिद्ध करणे आणि परस्परांचे निष्कर्ष तपासणे हा विज्ञानाचा रिवाज आहे. गुप्तता कायम राहिली तर हा रिवाज मोडणार, ही भीती राजकारणात रस नसलेल्यांनाही अस्वस्थ करत होती.

फ्रँक अहवाल व झिलार्ड यांचा अर्ज

जून १९४५ मध्ये कॉम्प्टन यांनी बाँबच्या सामाजिक व राजकीय परिणामांचा विचार करण्यासाठी फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ११ जूनच्या तिच्या अहवालावर सात जणांच्या सह्या होत्या. अणुरहस्य अमेरिकेकडे काही वर्षेच राहू शकेल, जपानवर पूर्वसूचनेशिवाय हल्ला केल्यास इतर राष्ट्रांचा विश्वास जाईल आणि शस्त्रस्पर्धा सुरू होईल, असे त्यात म्हटले होते. त्याऐवजी निर्जन प्रदेशात, संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधींसमोर बाँबचे प्रात्यक्षिक करावे, अशी शिफारस होती.

फर्मी, कॉम्प्टन, अर्नेस्ट लॉरेन्स व रॉबर्ट ओपेनहायमर या चौघांच्या शास्त्रीय सल्लागार मंडळाने १६ जून रोजी वेगळा निष्कर्ष दिला. युद्ध थांबवू शकेल असे कोणतेही तांत्रिक प्रात्यक्षिक आपल्याला सुचवता येत नाही, असे मंडळाने कळवले. राजकीय, सामाजिक व लष्करी प्रश्न सोडवण्याची खास पात्रता शास्त्रज्ञ म्हणून आपल्याकडे नाही, अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती. मात्र हे सांगणाऱ्या मंडळाने त्याच पत्रात लष्करी वापराच्या बाजूने मत दिले होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१२ जुलै रोजी शिकागोतील १५० शास्त्रज्ञांचे मत घेण्यात आले. जपानमध्येच मर्यादित लष्करी प्रात्यक्षिक करून शरणागतीची पुन्हा संधी द्यावी, या पर्यायाला सर्वाधिक म्हणजे ४६ टक्के मते मिळाली. २६ टक्के लोकांनी जपानी प्रतिनिधींना बोलावून अमेरिकेत प्रयोग करून दाखवावा असे म्हटले, तर लष्करीदृष्ट्या सर्वांत परिणामकारक वापराला १५ टक्के मते पडली. पहिल्या पर्यायाची शब्दरचना इतकी संदिग्ध होती की, पुढे दोन्ही पक्षांनी या कौलाचा आधार घेतला. झिलार्ड यांनी राष्ट्राध्यक्षांना उद्देशून तयार केलेल्या १७ जुलैच्या अर्जावर ७० जणांनी सह्या केल्या. तो लष्करी मार्गाने पाठवण्यात आला आणि हिरोशिमावर बाँब पडेपर्यंत ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

लॉस अलामोस येथील स्थिती

जर्मनीचा पराभव दृष्टिपथात आल्यावर रॉबर्ट विल्सन यांनी लॉस अलामोस येथे बाँबचा मानवी संस्कृतीवर काय परिणाम होईल या विषयावर सभा बोलावली. ओपेनहायमर यांनी ती भरवू नये असे सुचवले. पण ते स्वतः सभेला आले. नव्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना होण्यापूर्वी अशा शस्त्राचे अस्तित्व जगाला कळले पाहिजे, म्हणून काम पुढे नेणे आवश्यक आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला आणि उपस्थितांना तो पटला. विल्सन यांना नंतरच्या आयुष्यात जर्मनीच्या शरणागतीनंतर काम न सोडल्याची खंत वाटत राहिली. जोसेफ रोटब्लाट मात्र १९४४ च्या अखेरीस प्रकल्प सोडून ब्रिटनला परतले होते.

१९४५-४६ मधील संघटन

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९४५ मध्ये मांडलेल्या मे-जॉन्सन विधेयकात अणुसंशोधनावर लष्कराचा मोठा प्रभाव आणि गोपनीयताभंगासाठी कडक शिक्षा प्रस्तावित होती. या विधेयकाने आतापर्यंत गप्प राहिलेलेही जागे झाले. प्रयोगशाळांतील तरुण शास्त्रज्ञ वॉशिंग्टनला जाऊन सिनेटसदस्यांना अणूची रचना समजावून सांगू लागले. ठिकठिकाणच्या गटांतून फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स ही संघटना आकाराला आली. सिनेटसदस्य ब्रायन मॅकमहोन यांच्या विधेयकाचे रूपांतर १ ऑगस्ट १९४६ रोजी कायद्यात झाले आणि अणुऊर्जा नागरी आयोगाकडे गेली. माहितीवरील निर्बंध मात्र या कायद्यातही कठोरच राहिले. चळवळीचे यश अर्धेच होते.

डिसेंबर १९४५ मध्ये रॅबिनोविच व हायमन गोल्डस्मिथ यांनी ‘बुलेटिन ऑफ द अ‍ॅटॉमिक सायंटिस्ट्स’ हे नियतकालिक सुरू केले. चित्रकार मार्टिल लँग्सडॉर्फ यांनी काढलेले त्यावरील ‘प्रलयघड्याळ’ १९४७ मध्ये प्रथम छापले गेले. तेव्हा त्यात मध्यरात्रीला सात मिनिटे कमी होती.

परिणाम

शीतयुद्ध तीव्र झाल्यावर सहकाऱ्यांत मोकळेपणाने बोललेले शब्द संशयाचा पुरावा ठरू लागले. १९५४ च्या चौकशीत ओपेनहायमर यांच्या जुन्या ओळखींबरोबर हायड्रोजन बाँबला त्यांनी केलेल्या विरोधाचीही छाननी झाली आणि त्यांची सुरक्षा-मान्यता काढून घेण्यात आली. तो निर्णय अमेरिकी सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द ठरवला. रोटब्लाट यांच्या पुढाकाराने १९५७ पासून भरणाऱ्या पगवॉश परिषदांमध्ये दोन्ही गटांतील शास्त्रज्ञ एकत्र बसू लागले. या परिषदांना व रोटब्लाट यांना १९९५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

भारतातील समांतर उदाहरण

भारतात अशी संघटित चळवळ त्या काळी उभी राहिली नाही. विरोधाचे सूर व्यक्तिगत राहिले. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांपैकी सर्वांत ठळक होत. होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असताना ते जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते. अणुऊर्जेचा खर्च भारताला परवडणारा नाही, येथे सूर्यशक्तीवर भर द्यावा, असे मत त्यांनी १९६० मध्ये पुण्यात रोटरी क्लबपुढील भाषणात मांडले. भाभा हे अणुऊर्जा आयोगाचेही अध्यक्ष होते. १९६२ मध्ये कोसंबी यांच्या नेमणुकीची मुदत संपली, तेव्हा संस्थेने ती वाढवली नाही.