वंशावळ कोणाच्या मालकीची?

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्यात अमेरिकेत नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीवर बुलडाण्याला आला. घरातल्या प्रत्येकासाठी त्याने काही ना काही आणले होते. माझ्या वाट्याला एक लहानशी पेटी आली. पेटीत प्लास्टिकची नळी होती आणि सूचनांचा कागद.

‘‘मामू, काही करायचं नाही. या रेषेपर्यंत थुंकायचं आणि झाकण लावायचं. दीड-दोन महिन्यांत कळेल, आपण मूळचे कुठले ते.’’

‘‘अरे, आपण बुलडाण्याचे!’’ मी म्हणालो. सगळे हसले. तो मात्र हसला नाही. त्याने मला नीट समजावून सांगितले. बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र आईकडून येत नाही. म्हणजे त्याच्या आजोबांची, माझ्या वडिलांची, पुरुषांकडून चालत आलेली ओळ त्याच्यात नाही, माझ्यात आहे. म्हणून थुंकी मामूचीच हवी.

इतिहासाची आवड असलेल्या माणसाला खरे तर हा मोह पडायला हवा. वऱ्हाडातल्या पुष्कळ मुसलमान घरांत एक कहाणी सांगितली जाते: आपले पूर्वज फौजेबरोबर आले. आमच्याही घरात ती आहे. आमच्या जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ साली निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेतल्या निजामाच्या राज्याचा पाया घातला. त्या फौजेत जितके शिपाई नसतील, तितक्यांचे वंशज आज जिल्ह्यात भेटतात! कोणी बुखाऱ्याचे, कोणी अरबस्तानचे. आमचा पूर्वज इथलाच कापूस पिंजणारा होता, असे सांगणारा क्वचित. तेव्हा खरे काय ते कळले तर बरेच, असे मलाही क्षणभर वाटले.

तरीही ती नळी दोन दिवस कपाटावर तशीच पडून राहिली. कारण आमच्या घरात आणखी एक कहाणी आहे, आणि ती कधी सांगितली जात नाही.

१८९९-१९०० साली वऱ्हाडावर भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवतावरून काही भागांत त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात. माणसे गाव सोडून खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर गोळा झाली. अशाच एका कामाजवळ तीन-चार वर्षांचा एक मुलगा एकटा बसलेला एका पिंजाऱ्याला दिसला. मुलाला आपले नाव सांगता येत नव्हते, गाव सांगता येत नव्हते. पिंजाऱ्याने त्याला उचलून घरी आणले, नाव दिले, धुनकी हातात दिली. तो मुलगा म्हणजे माझ्या नानीचे अब्बा. मूळचे ते कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, कोणालाच ठाऊक नव्हते. शरीयतीत पाळलेल्या मुलाला पाळणाऱ्याचे कूळ मिळत नाही. वारशाचा, सोयरिकीचा प्रश्न निघू शकतो. म्हणून घरातल्यांनी तोंड मिटले. नानीने हे माझ्या आईला एकदाच, आजारपणात सांगितले. माझ्या रक्तात त्या मुलाचा सरासरी आठवा हिस्सा आहे. माझ्याबरोबर तोही त्या नळीत जाणार होता.

श्रोतेहो, वंशावळ जपण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. आमच्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. १५९८ साली जिजाऊंचा जन्म तिथे झाला. त्यांचे वडील लखुजीराव जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेत. वतन, मानपान, सोयरीक हे सगळे कुळावर ठरण्याचा तो काळ होता. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथले तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवत आले. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार येऊन घराण्याची नावे म्हणून दाखवतात. आमच्याकडे सय्यदांच्या घरात शजरा असतो, काझींच्या दप्तरात निकाहाच्या नोंदी असतात.

या जुन्या वह्यांचा एक गुण होता. वही कोणाकडे आहे, हे आपल्याला माहीत असे. उपाध्याय समोर बसून विचारी आणि आपण सांगू तेवढेच लिही. जे सांगायचे नाही, ते गिळून टाकता येई. किती घरांनी किती दुष्काळ असे गिळले असतील!

इंग्रजी अमदानीत नोंद सरकारची झाली. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू लिहू लागला. मुलाचा बाप कोण, जात कोणती, मरण कशाने आले. हेतू होता तो साथीचे रोग आणि लोकसंख्या यांचा हिशेब ठेवण्याचा. त्याच कोतवाल बुकाच्या जीर्ण पानांसाठी आज माणसे तहसिलीच्या रेकॉर्ड रूमबाहेर ताटकळतात. जातीच्या दाखल्याला पणजोबांची नोंद लागते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा भाव एकदम वधारला. आमच्या पिंजारी, बागवान, तांबोळी मंडळींनाही ओबीसीच्या दाखल्यासाठी हीच पाने कामी येतात. लिहिणाऱ्या कोतवालाच्या स्वप्नातही नसेल, की आपल्या बोरूची एक ओळ शंभर वर्षांनी कोणाला कॉलेजात जागा मिळवून देईल.

हे झाले भले. पण नोंद एका कामासाठी होते आणि दुसऱ्याच कामाला येते, हा नियम भल्यापुरता नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा केला म्हणून नव्हे, विशिष्ट जमातीत जन्मला म्हणून माणसाचे नाव पोलिसांच्या रजिस्टरात चढू लागले. १९११च्या कायद्याने त्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. ठशांची पद्धत याच देशात वाढली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेलने एका कंत्राटाच्या कागदावर पंजाचा ठसा घेतला, तो केवळ कंत्राटदाराने पुढे शब्द फिरवू नये म्हणून. पन्नास-साठ वर्षांत तीच युक्ती जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्यांच्या मानेवर बसली. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण आजही कुठे चोरी झाली की पहिले बोट पारध्यांच्या बेड्याकडे वळते. रजिस्टर जळाले तरी शिक्का जळत नाही.

आता रक्ताच्या नोंदीकडे येऊ. १९८४ साली इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी ती रुजवली. या विद्येने निरपराध सुटले, अपराधी सापडले, अपघातात ओळख न पटलेली प्रेते आप्तांच्या हाती गेली. विज्ञानाशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न आहे तो हौसेखातर दिलेल्या नळीचा.

अमेरिकेतली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही या व्यवसायातली मोठी कंपनी. २००६ साली सुरू झालेली. २०२३ साली चोरांनी तिच्या सुमारे १४ हजार ग्राहकांच्या खात्यांत शिरकाव केला. पण माहिती गेली ती सुमारे ६९ लाख लोकांची! कारण ही खाती नातेवाईक शोधण्याच्या सोयीने एकमेकांशी जोडलेली होती. एका घराची कडी निघाली आणि गल्लीभर दारे उघडी पडली. त्याहून भयंकर पुढे आहे. चोरांनी ती माहिती विकायला काढली, तेव्हा ज्यू वंशाच्या आणि चिनी वंशाच्या माणसांच्या याद्या वेगळ्या करून काढल्या. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती कर्जबाजारी दुकानातल्या मालासारखी लिलावात आली. शेवटी संस्थापिकेच्याच एका संस्थेने सुमारे ३० कोटी ५० लाख डॉलरला ती घेतली. उपाध्यायांच्या वह्याही विकल्या जात, पण त्या वह्यांत यजमानाचे रक्त नसे.

दुसरे उदाहरण २०१८चे. कॅलिफोर्नियात कित्येक वर्षांपूर्वी खून आणि बलात्कार करून बेपत्ता झालेला एक माणूस पकडला गेला. त्याने स्वतः कुठेच नळी दिली नव्हती. त्याच्या दूरच्या भाऊबंदांनी वंशावळीच्या हौसेने आपली माहिती एका संकेतस्थळावर ठेवली होती, तिच्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. नराधम सापडला, चांगलेच झाले. पण दूरच्या चुलतभावाच्या थुंकीवरून माणूस सापडतो, हे त्या दिवशी जगाला कळले. आमच्यासारख्या घरांत, जिथे मामे-चुलत भावंडांत लग्ने होतात, तिथे तर एकाची नळी आणखी जास्त जणांबद्दल बोलणार.

आणि रक्त एकदा पुरावा झाले की काय होते, हे आपल्या मराठी माणसांनीच अनुभवले आहे. कोकणातले बेने इस्रायल आठवा. अलिबाग, पेण भागात तेलाचे घाणे चालवणारे, मराठी बोलणारे, रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे लावणारे हे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचे फर्मान काढले. आपण पिढ्यान्पिढ्या शनिवार पाळला, तो पुरेसा नाही का, असे विचारत माणसे आंदोलनाला बसली. १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू मानले. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांच्या डीएनएचे नमुने तपासले. २०१६ सालच्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असा दोन्हींचा अंश दिसला. पुष्कळांना समाधान वाटले. मला मात्र दुसरेच वाटते. थोड्या लोकांनी नमुने दिले आणि निकाल साऱ्या समाजाबद्दल लागला. तो उलटा लागला असता तर? शतकानुशतके शनिवारी थांबवलेला घाणा खोटा ठरला असता काय?

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डीएनए चाचण्यांचे नियमन करणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले आणि २०२३ साली मागे घेण्यात आले. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण मोबाइल नंबर आणि जनुके यांत हा कायदा वेगळा भेद करत नाही. आणि कायद्यातली संमती एका माणसाची असते. डीएनए एका माणसाचा नसतोच. मी सही केली तर माझ्या बहिणीची, खालाची, अजून न जन्मलेल्या नातवाची सही कोणी केली?

जिल्ह्याच्या एका टोकाला सिंदखेडराजा आहे, तसे दुसऱ्या टोकाला शेगाव आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज तिथे लोकांना पहिल्यांदा दिसले. ते कोठून आले, आईबाप कोण, जात कोणती, कोणालाच सांगता आले नाही. म्हणून वारकऱ्यांची रीघ थांबली नाही. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर यात्रेला सगळ्या जातिधर्मांची माणसे येतात, तिथेही कोणी कोणाची वंशावळ विचारत नाही. माझ्या नानीच्या अब्बांना ज्या पिंजाऱ्याने उचलले, त्यानेही विचारली नव्हती.

शेवटी मी भाच्याला म्हणालो, ‘‘नळी देतो, पण आधी सगळ्यांना विचार.’’ त्याने विचारले. बहीण हो म्हणाली. एक मामेभाऊ म्हणाला, दिवस कसे आहेत ते बघा, याद्या कोणाच्या कधी निघतील सांगता येत नाही. दुसऱ्याने काहीच उत्तर दिले नाही. खालाने वयाच्या ऐंशीनंतर पहिल्यांदा भाच्याला समोर बसवून दुष्काळातल्या त्या मुलाची गोष्ट स्वतः सांगितली. तो खूप वेळ गप्प होता. जाताना त्याने पेटी न भरताच बॅगेत टाकली. मी नको म्हणालो नव्हतो. त्याने दिली असती, तर मीही अडवले नसते असे वाटते.

आणि आज ही गोष्ट मी आकाशवाणीवर कशी सांगतो आहे, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. इथे येण्याआधी मी खालाकडे गेलो होतो. म्हटले, रेडिओवर सांगू का? तिने बराच विचार केला. मग म्हणाली, ‘‘बोल. मगर गाँव का नाम मत लेना, बेटा.’’

म्हणून मी गावाचे नाव घेतलेले नाही.