अलेक्झांड्रियाची जकात

इ.स. 1183 मध्ये इब्न जुबैर ग्रानाडाहून हजला निघाला. सबता बंदरातून जिनोआच्या ख्रिस्ती जहाजाने तो अलेक्झांड्रियाला पोहोचला. सुलतान सलाहुद्दीनच्या या बंदरात अधिकाऱ्यांनी मुस्लिम प्रवाशांची अंगझडती घेतली, शपथा घ्यायला लावल्या आणि मालावर वर्ष उलटले का, हे न विचारताच जकात उकळली. पुढच्या वर्षी क्रुसेडर्सच्या ताब्यातील अक्का बंदरात ख्रिस्ती कारकून अरबीत नोंदी करत होते. तपासणी सौजन्याने झाली. अक्का हातातून गेल्याचे दुःख त्याला होतेच, तरी त्याने दोन्ही अनुभव प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

भूमध्य समुद्रातली मालवाहतूक जहाजांइतकीच नाक्यावरच्या वागणुकीवर चालत होती. मराठीत मालावरच्या करालाही 'जकात'च म्हणतात. शब्द इबादतीचा आहे. वसुली करणाऱ्याने त्याची लाज राखायला हवी.