सात शिलिंगांचा हक्क

धडधाकट माणसाला काम मिळाले नाही, तर त्याच्या भुकेची जबाबदारी कोणाची? इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ निष्ठुरपणे दिले. १८३४ च्या गरीब कायद्याने अशा माणसाला दारिद्र्यगृहाची वाट दाखवली. तेथील जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही हीन असावे, हा त्यामागील दंडक होता. बेकारी हा जणू गुन्हाच आणि दारिद्र्यगृह ही त्याची शिक्षा.

ही दृष्टी बदलली ती १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या व्यवसायांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना त्याने बेकारीच्या विम्याखाली आणले. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स द्यायचे, मालकाने तितकेच, आणि दोघांच्या एकत्रित वर्गणीच्या एकतृतीयांश रकमेची भर सरकारने घालायची. काम सुटले की कामगाराने सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचे. पहिला आठवडा कोरडा जाई. त्यानंतर आठवड्याला सात शिलिंग मिळत. पाच आठवड्यांच्या वर्गणीमागे एक आठवड्याचा भत्ता आणि वर्षातून अधिकाधिक पंधरा आठवडे, असा हिशेब होता. जानेवारी १९१३ मध्ये पहिले भत्ते दिले गेले.

अटी होत्याच. गैरवर्तनामुळे काढून टाकलेल्यास किंवा सबळ कारणाविना काम सोडणाऱ्यास सहा आठवडे भत्ता नसे. संपकऱ्यांनाही तो नाकारला जाई. मात्र संपामुळे रिकामी झालेली जागा नाकारली म्हणून कोणाचा भत्ता जात नसे. अधिकाऱ्याचा निर्णय अमान्य असल्यास दाद मागता येई, आणि त्या मंडळावर कामगारांचाही प्रतिनिधी बसे. आम्हांस या कायद्याचे मोठेपण येथे दिसते. सात शिलिंगांत कुटुंब पोसणे कठीण होते. पण ते घेताना कोणापुढे वाकावे लागत नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर बेकारांची संख्या इतकी फुगली की विम्याचा हिशेब कोलमडला. मग अटींचा रोख बदलला. १९२१ पासून ‘आपण मनापासून काम शोधत आहोत’ हे सिद्ध करण्याचा भार बेकारावर येऊ लागला. जेथे कामच नव्हते, तेथेही माणसे कारखान्यांचे दरवाजे ठोठावत हिंडली आणि लाखो अर्ज फेटाळले गेले. ही अट १९३० मध्ये रद्द झाली. परंतु पुढच्याच वर्षी भत्त्यात कपात झाली आणि नोव्हेंबर १९३१ पासून ज्यांचा विम्याचा भत्ता संपला होता, त्यांच्या घरात उत्पन्नाची चौकशी शिरली. मुलाची कमाई, म्हाताऱ्याचे पेन्शन, गाठीची बचत, सारे मोजले जाऊ लागले. कमावत्या मुलाच्या ताटाकडे बघत बापाने जगावे, हे अनेक घरांना सोसले नाही; काही मुलांनी घरच सोडले. कुटुंबाच्या उत्पन्नाची ही कसोटी १९४१ पर्यंत टिकली.

१९९६ मध्ये ब्रिटनने ‘बेकारी भत्ता’ हे नाव बदलून ‘कामशोधकाचा भत्ता’ असे केले. शब्दांतील हा बदल आपण दुर्लक्षू नये. पहिल्या नावात माणसावर ओढवलेली आपत्ती होती. दुसऱ्यात त्याच्यावर टाकलेले कर्तव्य आहे.

पैसा सर्वांचा असल्यामुळे अटी असणारच, हे आम्ही मान्य करतो. प्रश्न एवढाच, की संशय कोणावर ठेवायचा? काम न देऊ शकणाऱ्या व्यवस्थेवर, की काम न मिळालेल्या माणसावर? प्रत्येक देशाच्या भत्त्याच्या नियमांत या प्रश्नाचे उत्तर दडलेले असते. भत्त्याच्या रकमेआधी ते वाचावे.