नकाशा आणि वाट

लंडनच्या भुयारी रेल्वेचे सुरुवातीचे नकाशे खऱ्या अंतरांना धरून काढलेले असत. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्टेशनांची दाटी होई. रेल्वेत आरेखक म्हणून काम केलेल्या हॅरी बेकने १९३१ साली यावर तोड काढली. फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या तिरक्या रेषा! कोणते स्टेशन कोणाला जोडले आहे एवढेच त्याने जपले, अंतर सोडून दिले. आधी नाकारलेला हा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला आणि लोकांना फार आवडला.

पण सोडून दिलेल्या अंतराचे काय? २०२२ पर्यंत पॅडिंग्टनहून बाँड स्ट्रीटला थेट गाडी नव्हती. नकाशावर नॉटिंग हिल गेटवरून जाणे जवळचे वाटे. प्रत्यक्षात बाँड स्ट्रीट पूर्वेला, तर नॉटिंग हिल गेट पश्चिमेला!

झान गुओ यांच्या २०११ च्या अभ्यासात मार्ग निवडताना नकाशातल्या अंतराचा प्रभाव प्रत्यक्ष प्रवासवेळेच्या जवळजवळ दुप्पट आढळला. सरावाने तो कमी होतो, पण रोजच्या प्रवाशांतही अनुभवापेक्षा नकाशाच वरचढ ठरला.

वर्गात मुलांकडून एकाच परिसराचे दोन नकाशे काढून घेऊ या: एक प्रमाणात, एक फक्त जोडण्यांचा. मग विचारू या, वाट कोणी निवडली, आपण की नकाशाने?