महूची वाट आणि कावडीचा परतीचा प्रवास

इंदूरहून जेमतेम 23 किलोमीटरवर महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर. 1857 मध्ये पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे काकांसोबत या वाटेने उत्तरेस निघाले, ते दक्षिणेच्या आशेने. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार होत्या आणि घरावर कर्ज होते. महूच्या परिसरात शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. 1 जुलैला इंदूरची रेसिडेन्सी आणि महूची छावणी दोन्ही पेटल्या.

पुढे झाशीचा वेढा, लूट, रानोमाळ मुक्काम. पण सर्वांत हृद्य आहे तो परतीचा टप्पा. कमाई बव्हंशी लुटली गेली होती. तरी गोडसे भटजींनी आईवडिलांच्या स्नानासाठी गंगाजलाची कावड खांद्यावर घेतली. मुक्कामाला ती जमिनीवर टेकवायची नाही, असा कावडीचा रिवाज. दिवसभर चालून थकलेल्या माणसाला रात्री आधी तिची सोय पाहावी लागे. धन गमावलेल्या मुलाने घरी न्यावे असे याहून मोलाचे काय असणार?

ही हकीकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 मध्ये प्रसिद्ध केली. इंदूरच्या मराठी घरांनी ती जरूर वाचावी.