हेल्मेटचे बक्कल

हेल्मेटचे बक्कल हा दुचाकीस्वाराच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा बांधण्याचा आणि सोडण्याचा भाग होय. बोलीभाषेत यास 'लॉक' किंवा 'क्लिप' असेही म्हणतात. पट्टा व बक्कल मिळून हेल्मेटची धारण व्यवस्था बनते. अपघाताच्या वेळी हेल्मेट डोक्यावर टिकवून ठेवणे हे तिचे कार्य आहे. डबल डी-रिंग, मायक्रोमेट्रिक बक्कल आणि क्विक रिलीज बक्कल हे तिचे तीन प्रमुख प्रकार आहेत.

कार्य
हेल्मेटचे बाह्य कवच व आतील थर्माकोलसदृश अस्तर आघाताची ऊर्जा शोषून घेतात. मात्र दुचाकीच्या अपघातात डोके एकाहून अधिक वेळा आदळू शकते. पट्टा सैल किंवा सुटा असल्यास पहिल्या आघातातच हेल्मेट निसटते आणि पुढील आघात उघड्या डोक्यावर बसतो. त्यामुळे न बांधलेल्या हेल्मेटचे संरक्षण बहुतांशी नाममात्र ठरते.

प्रकार

डबल डी-रिंग
इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराच्या दोन धातूच्या कड्या पट्ट्याच्या एका टोकास शिवलेल्या असतात. दुसरे टोक दोन्ही कड्यांतून ओवून, बाहेरच्या कडीवरून परत फिरवून केवळ आतल्या कडीतून ओढले जाते. ताण वाढला की पट्टा दोन कड्यांच्या मध्ये अधिक घट्ट आवळला जातो. यात स्प्रिंग, दाते किंवा खटका नसल्याने बिघाडाची शक्यता कमी असते. प्रत्येक वेळी पट्टा नव्याने ताणला जात असल्याने तो आपोआप योग्य लांबीचा बसतो. अनेक मोटारसायकल शर्यतींच्या नियमांत हाच प्रकार बंधनकारक आहे. हातमोजे घालून पट्टा ओवणे अवघड जाते, ही त्याची मुख्य उणीव होय. पट्टा परत न फिरवता दोन्ही कड्यांतून केवळ पुढे काढल्यास पकड बसत नाही. उरलेले टोक अडकवण्यासाठी असलेले चाप-बटण वाऱ्यात टोक फडफडू नये एवढ्यापुरतेच असते. ते भार पेलत नाही.

मायक्रोमेट्रिक बक्कल
यात दातेरी प्लास्टिकची पट्टी बक्कलात सरकवली जाते व आतील खटका तिच्या दात्यांत अडकतो. लाल पट्टी ओढली की खटका उचलला जाऊन बक्कल सुटते. थंडीत जाड कपडे घातले असता किंवा दाढी वाढली असता एक-दोन दात्यांनी पट्टा कमी-जास्त करता येतो, ही याची सोय आहे. मात्र मूळ लांबी फार सैल ठेवल्यास पट्टी शेवटच्या एक-दोन दात्यांवरच अडकते आणि पकड अपुरी राहते.

क्विक रिलीज बक्कल
मोटारीच्या सीटबेल्टप्रमाणे जीभ खोबणीत घातली की 'टक्' आवाज होऊन ती बसते व लाल बटण दाबताच सुटते. हाताळण्यास हा सर्वांत सोपा प्रकार आहे. पट्ट्याची लांबी मात्र सरकत्या कडीने एकदाच ठरवलेली असते. वापराने ती कडी हळूहळू सरकते व पट्टा नकळत सैल होतो. एकच हेल्मेट घरातील दोघे वापरत असल्यास दर वेळी लांबी बदलावी लागते.

चुंबकीय बक्कल
जर्मनीतील फिडलॉक कंपनीच्या बक्कलांत चुंबक दोन भागांना जवळ खेचून जागेवर आणतो. भार मात्र यांत्रिक खाच पेलते.

मानके व चाचण्या
भारतात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ४१५१ हे मानक लागू आहे. १ जून २०२१ पासून या मानकाचे चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या निर्मितीस व विक्रीस मनाई आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या विनियम क्र. २२ नुसार १० किलो वजन ०.७५ मीटर उंचीवरून सोडून पट्ट्यास झटका दिला जातो. त्या वेळी पट्टा ३५ मिलिमीटरपेक्षा अधिक ताणला जाता कामा नये. बक्कल सोडण्याचा भाग लाल रंगाचा असावा, असेही हा विनियम सांगतो; मदतीस आलेल्या अनोळखी व्यक्तीसही तो चटकन ओळखता यावा, हा त्याचा उपयोग आहे. अमेरिकेच्या संघीय मानक क्र. २१८ मध्ये सुमारे १३६ किलो भार लावून पट्ट्याची परीक्षा होते. या चाचण्या सर्व प्रकारच्या बक्कलांना लागू असल्याने प्रमाणित हेल्मेटमधील कोणताही प्रकार मुळात कमकुवत मानता येत नाही.

कायदेशीर तरतूद
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार हेल्मेट डोक्यावर असणे पुरेसे नाही. ते पट्ट्याने किंवा अन्य बंधनाने घट्ट बांधलेले असले पाहिजे. ही तरतूद मागे बसणाऱ्यासही लागू आहे. पगडी परिधान करणाऱ्या शीख व्यक्तींना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ड मध्ये उल्लंघनासाठी १,००० रुपये दंड व तीन महिने अनुज्ञप्ती अपात्रतेची तरतूद आहे.

नवी मुंबईतील वापर
नवी मुंबईत पाम बीच मार्ग, ठाणे-बेलापूर रस्ता व शीव-पनवेल महामार्ग अशा रुंद, वेगवान रस्त्यांवर दुचाकींची मोठी वाहतूक असते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नसल्याने मुंबईकडे जाणारे दुचाकीस्वार प्रामुख्याने वाशी व ऐरोली येथील खाडीपुलांचा वापर करतात. वाऱ्याच्या झोतात सैल हेल्मेट मागे सरकते. खाडीकाठची दमट, खारी हवा आणि जून ते सप्टेंबरमधील पाऊस यांमुळे धातूच्या कड्या व स्प्रिंगा गंजण्याचा, तर खोबणीत चिखल साचण्याचा संभव असतो.

निवड
रोज एकदा हेल्मेट घालून लांबचा प्रवास करणाऱ्यास डबल डी-रिंग सोयीची ठरते. घरपोच सामान पोहोचवणाऱ्या कामगारांप्रमाणे दिवसभरात अनेकदा हेल्मेट काढ-घाल करणाऱ्यास मायक्रोमेट्रिक किंवा क्विक रिलीज बक्कल उपयुक्त असते, कारण कंटाळा येऊन पट्टा सुटा ठेवण्याची सवय टळते. बोटांत ताकद कमी असलेल्या ज्येष्ठांनी खरेदीपूर्वी बक्कल स्वतः उघडून-लावून पाहणे इष्ट असते.

बांधलेल्या पट्ट्याखाली एक-दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. त्यानंतर हेल्मेटची मागची कड वर व पुढे ढकलून पाहिली जाते. हेल्मेट डोक्यावरून निघाल्यास पट्टा सैल आहे किंवा माप चुकले आहे, असे समजावे.

देखभाल
बक्कल साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. पट्ट्याचे धागे सुटणे, दाते झिजणे, कडी गंजणे अथवा बक्कल ओढताच उघडणे ही हेल्मेट बदलण्याची लक्षणे होत. पट्टा कापून गाठ मारणे किंवा चांभाराकडून शिवून घेणे धोक्याचे आहे, कारण अशा जोडाची ताकद तपासलेली नसते.

हेही पाहा
हेल्मेट
मोटार वाहन अधिनियम, १९८८
भारतीय मानक ब्युरो
रस्ते सुरक्षा