श्रम, व्यायाम आणि मर्यादा : गोंदिया परिसराच्या निमित्ताने

शरीराची सवयीची मर्यादा हेतुपुरस्सर ओलांडून त्याची शक्ती वाढवावी, ही कल्पना आधुनिक व्यायामशास्त्राची देणगी आहे असे मानण्याकडे सामान्यतः कल दिसतो. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास हा समज टिकण्यासारखा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग पाडले असून त्यांच्या तयारीसाठी भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम व स्तंभश्रम असे पाच प्रकार सांगितले आहेत. वाळूचे ओझे पेलणे, दूरवर चालणे, पाण्यात पोहणे, भुजांची झटापट करणे आणि खांबावर कसरत करणे असा ह्या पाचांचा आशय होय. मल्लखांबाचा प्राचीन उल्लेख म्हणून अभ्यासक ह्यांतील शेवटच्या प्रकाराकडे बोट दाखवितात. परंतु ह्या यादीत त्याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती ‘श्रम’ हा शब्द.

ज्यास आज व्यायाम म्हणतात त्यास ह्या ग्रंथाने श्रम म्हटले आहे. वाळूचे ओझे मल्ल उचलतो आणि मजूरही उचलतो. दोघांच्या स्नायूंवर पडणारा ताण एकच. भेद आहे तो इतकाच की, मल्लाचे ओझे केव्हा वाढवावयाचे, त्यास विश्रांती केव्हा द्यावयाची आणि त्यास काय खाऊ घालावयाचे ह्याची चिंता दुसरा कोणीतरी वाहत असतो. मजुराच्या बाबतीत ती चिंता कोणीच करीत नाही. मर्यादा ओलांडण्याचा इतिहास हा म्हणूनच पराक्रमाचा इतिहास जितका आहे त्याहून अधिक, मर्यादा कोणी ठरवावयाची ह्याचा इतिहास आहे.

तालमीत हा अधिकार वस्तादाकडे असे. जोर, बैठका आणि जोडी ह्यांची संख्या वाढविणे हे तेथील नित्याचे काम. पण ती किती आणि केव्हा वाढवावयाची हे पठ्ठ्याच्या इच्छेवर सोडलेले नव्हते. बाळंभट्टदादा देवधर ह्यांची कथा ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली व गुलाब नावाचे दोन मल्ल आले आणि त्यांचे आव्हान कोणी स्वीकारीना, तेव्हा तरुण देवधर पुढे झाले. तयारीसाठी मुदत मागून ते वणीच्या सप्तशृंगीपाशी गेले आणि तेथे मारुतीच्या दृष्टांताने त्यांना मल्लखांबाची विद्या लाभली, असा वृत्तांत रूढ आहे. त्यातील दृष्टांताचा भाग आख्यायिकेचा आहे हे उघड आहे. मात्र आख्यायिकेनेही वीराला लगेच आखाड्यात उतरविले नाही, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. आव्हान आणि झुंज ह्यांच्या मध्ये तिने तयारीचा काळ घातला आहे. परंपरेला शौर्य प्रिय होते. परंतु तयारीवाचून केलेले साहस तिला मान्य नव्हते असे ह्यावरून म्हणण्यास हरकत नाही.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. ह्या संस्थेचे कार्य एका वस्तादाच्या आणि मूठभर पठ्ठ्यांच्या तालमीसारखे नव्हते. पुष्कळ तरुणांना एकाच वेळी, एकाच क्रमाने शिकवावयाचे आणि त्यांतूनच पुढचे शिक्षक तयार करावयाचे, हा तिचा उद्देश. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी ह्या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच वर्षी बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम-ज्ञानकोशा’च्या प्रकाशनास प्रारंभ झाला आणि पुढे त्याचे दहा खंड निघाले. ह्या दोन घटनांचा अर्थ एकच आहे. वस्तादाच्या डोळ्यांत आणि हातांत असलेले ज्ञान आता अभ्यासक्रमात आणि पुस्तकात उतरू लागले होते. लाभ मोठा होता. जातीच्या, पेठेच्या आणि घराण्याच्या तालमीतून विद्या बाहेर आली. हानीही झाली, तिची चर्चा मात्र फारशी होत नाही: पुस्तकात जोरांची संख्या छापता येते, पण अमक्या मुलाचा श्वास आज जड का लागला आहे हे छापता येत नाही.

एकट्या पडलेल्या शरीराचे काय होते ह्याचे उदाहरण खाशाबा जाधवांच्या चरित्रात सापडते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. मातीत घडलेल्या ह्या मल्लाला तेथे गादीवरच्या कुस्तीशी आणि तिच्या नियमांशी जुळवून घ्यावे लागले. चार वर्षांनी हेलसिंकीस वरच्या वजनी गटात, बँटमवेटमध्ये, त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न मिळता सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरावे लागले. नियमाप्रमाणे मिळावयाचा वेळ मागण्यास भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांच्या चरित्रकथनांत सांगितले जाते. मल्लाने आपली मर्यादा ताणावी आणि ती कोठे थांबवावयाची हे दुसऱ्याने पाहावे, ही तालमीतील जुनी वाटणी त्या दिवशी मोडली होती. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले.

पोलीस खाते आणि व्यायाम ह्यांचा हाच संबंध गोंदिया जिल्ह्यात आज फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा प्रदेश भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा. येथील ग्रामीण शरीरास श्रमाची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात बांधीच्या चिखलात दिवसभर वाकून केलेली रोवणी, चैत्रात पहाटे मोहफुले वेचण्यासाठी रानात जाणे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी आणि त्याची ओझी, हे सर्व भारश्रम व भ्रमणश्रमच आहेत. सलिलश्रमास गावची बोडी आहेच. व्यायाम ही स्वतंत्र गोष्ट म्हणून प्रथम शहरात वाढली, कारण बैठ्या माणसाला हरवलेला श्रम परत आणावयाचा होता. गोंदियाच्या शेतकरी किंवा आदिवासी तरुणापुढील प्रश्न निराळाच आहे. त्याच्या अंगी दम आहे, पण तो संथ आणि लांब पल्ल्याचा. त्याच्याकडे मागितला जातो तो काही मिनिटांत संपणारा वेग.

पोलीस शिपाई भरतीच्या प्रचलित पद्धतीत पुरुषांसाठी १६०० मीटर आणि स्त्रियांसाठी ८०० मीटर धावणे, त्यांखेरीज १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची शारीरिक चाचणी असते. ह्या गुणांसाठी पहाटेच्या अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर मुले-मुली धावतात. काहींना माजी सैनिकाचे किंवा शाळेतील क्रीडाशिक्षकाचे मार्गदर्शन मिळते. पुष्कळांजवळ घड्याळाशिवाय दुसरा वस्ताद नसतो. घड्याळ कालच्यापेक्षा आज किती सेकंद कमी लागले हे सांगते. रात्री पोटात काय गेले होते, आदल्या दिवशी किती तास रोवणी केली होती, हे ते विचारीत नाही. ह्या मौनाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवार मृत्युमुखी पडले. त्यानंतर ते अंतर ३ किलोमीटरांवर आणले गेले आणि पुढे सध्याचे नियम आले. अंतर कमी करणे आवश्यक होतेच. परंतु उमेदवारांची खरी तयारी भरतीच्या मैदानावर नव्हे तर आधीचे कित्येक महिने गावच्या रस्त्यावर होते, आणि तेथपर्यंत कोणताही नियम पोहोचत नाही.

भरती होऊन गेल्यावर चित्र पुन्हा पालटते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९० मध्ये स्थानिक तरुणांतून सी-६० हे विशेष पथक उभारले गेले. गोंदियाच्या पोलीस दलातही अशी पथके आहेत. त्यांच्या प्रशिक्षणात आणि कामात पाठीवर ओझे घेऊन जंगलातून दीर्घकाळ चालावे लागते, आणि तेथे क्रम लावणारा, थांबविणारा प्रशिक्षक सोबत असतो. सालेकसा किंवा देवरीच्या रानवाटांवर वाढलेल्या मुलाच्या अंगचे चालणे आणि ओझे वाहणे ह्यांस तेथे प्रथम मोल येते. भरतीच्या ५० गुणांत त्यांच्यासाठी एकही गुण राखलेला नाही.